आमची वाटचाल: नंबरप्लेटकडून काचेकडे

साताऱ्यात बाबांचं रेडियमचं दुकान. नंबरप्लेट, ‘आईची कृपा’, मडगार्डवर वाघ, एवढंच काम. 1 एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबरप्लेट सक्तीची झाली, ती शोरूममधूनच लागून यायला लागली. आमचं निम्मं काम महिन्यामहिन्याला गळत गेलं.

ओळखीच्या एका पोराने बुलेटला पुढे काच करून मागितली. (काच म्हणतो, असतं प्लास्टिकच.) पूर्वी चेतकला मोठ्या काचा असायच्या, त्या बाबा दुरुस्त करायचे, म्हणून हो म्हणालो. अ‍ॅक्रिलिकची शीट घरच्या घरी जुळवलेल्या भट्टीत तापवली आणि लाकडी साच्यावर टाकली. 150-160 अंशांना ती ओल्या पापडासारखी लवते, जरा जास्त तापली की फोड येतात. चार शीट वाया गेल्या, पाचवी जमली.

आणि ती चुकीची होती. जितकी उंच तितकी चांगली, असा माझा समज. पोरगा पावसात रात्री पुण्याहून आला, दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात हजर. ‘‘दादा, समोरून ट्रक आला की नुसता पांढरा उजेड. रस्ताच दिसत न्हाई.’’ खरं होतं त्याचं. हेल्मेटच्या काचेवरचं पाणी बोटाने पुसता येतं, गाडीच्या काचेला वायपर कुठून आणणार? तेव्हापासून काचेची वरची कड बसलेल्या माणसाच्या नाकाच्या रेषेखालीच ठेवतो. काचेतून नाही, काचेवरून बघायचं. म्हणून गाडी कुठली हे नंतर विचारतो, आधी गिऱ्हाइकाला तिच्यावर बसवतो. सव्वापाच फुटांचा माणूस आणि सहा फुटी माणूस, दोघांची गाडी एकच, हिमालयन, असली तरी काच एक कशी असेल? ऑनलाइन मागवणारे ऐकत नाहीत. मग तीच काच कापून घ्यायला आमच्याकडे येतात. तेही काम करतो, पैसे घेऊन.

दुसरा धडा चाळकेवाडीच्या पठारावर मिळाला. तिथे पवनचक्क्या उगीच उभ्या नाहीत. नवीन आकार केला की काचेच्या कडेला आणि हेल्मेटला लोकरीचे दोरे चिकटवतो, भाऊ दुसऱ्या गाडीवरून बघत येतो. दोरे सरळ मागे लोळले तर ठीक. भिरभिरायला लागले की डोकं खुळखुळ्यासारखं हलणार, हे ठरलेलं. काचेच्या मागे हवेची पोकळी होते आणि वरून आलेला वारा तिथे भोवरे घालतो. खाली दोन-तीन बोटं फट सोडली की पोकळी भरते आणि डोकं शांत राहतं. काच उंच करण्यापेक्षा ही फट जास्त कामाची, पण गिऱ्हाइकाला ती फिटिंगमधली चूक वाटते. हँडलला बांधलेल्या मोठ्या काचेचंही तसंच: आडवा वारा आला की ती हँडल ओढते, मग गाडी डुलते म्हणून मेकॅनिकला दोष.

गाडी ताशी 80 किलोमीटरवरून 100 वर गेली की वाऱ्याचा जोर दीडपटीहून जास्त होतो. त्यामुळे ज्याची गाडी गावातच 40-50 ने फिरते, त्याला मी काच घेऊच नका म्हणतो. बाबांना हे अजून पटलेलं नाही.

मध्यंतरी एका पुरवठादाराने कास्ट (साच्यात ओतून केलेली) शीट सांगून एक्स्ट्रूडेड (यंत्रातून दाबून काढलेली) दिली. भोक पाडताना कडेने तडे जायचे, आम्ही महिनाभर ड्रिलला शिव्या घालत बसलो. बोल्ट आवळण्यातही चुकलो. प्लास्टिक उन्हात फुगतं, म्हणून आता 6 मिलिमीटरच्या बोल्टला 8 चं भोक, मध्ये रबरी वायसर, आणि हाताला लागेल इतकंच आवळायचं.

लांब जाणाऱ्यांना अ‍ॅक्रिलिकऐवजी पॉलिकार्बोनेट हे दुसरं प्लास्टिक देतो. ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा ते सहन करतं. पण त्यात ओल असते. तापवण्याआधी 120 अंशांवर काही तास सुकवलं नाही तर आत बुडबुडे येतात. वर ते ओरखडे पटकन घेतं आणि पेट्रोल त्याला अजिबात चालत नाही. पेट्रोलच्या फडक्याने पुसून धुरकट झालेली काच घेऊन आलेला माणूस ‘‘माल खराब दिला’’ म्हणतो, तेव्हा वाद घालत नाही. आता बिलावरच लिहितो: साबणाचं पाणी, मऊ कापड.

भट्टी आता दुसरी आहे, साचे बारा झालेत, हाताखाली दोन पोरं आहेत. बाबा रोज सकाळी येतात. काचेच्या खालच्या कोपऱ्यात दुकानाचं जे बारीक नाव असतं, ते रेडियम तेच कापतात, कात्रीने.