मुका 'के' आणि आपले सर

स्मरणिका समितीच्या पत्रात 'शाळेच्या जडणघडणीविषयी दोन पानं' मागितली आहेत. जडणघडणीवर लिहिणारे पुष्कळ निघतील, संस्थापकांवर लेख येणारच, देणगीदारांची यादीही असेल. मी फक्त इंग्रजीच्या सरांवर लिहिणार. नाव घालत नाही. आपल्या शाळेत 'इंग्रजीचे सर' म्हटल्यावर दुसरं कुणी डोळ्यांपुढे येत नाही, आणि छापलेलं नाव बघून ते मलाच बोलतील.

शुक्रवारचा शेवटचा तास आठवतोय ना? एक शुक्रवार, एक अक्षर. त्या अक्षरानं सुरू होणारे शब्द आपण घरून काढून न्यायचे आणि सर फळ्यावर तीन रकाने आखायचे: इंग्रजी, मराठी, कन्नड. काइट, पतंग, गाळिपट. किचन, स्वयंपाकघर, अडिगे मने. वर्गाबाहेर त्या काळात भाषेवरून काय काय चालायचं ते खानापूर-बेळगावच्या माणसाला सांगायला नको. वर्गात मात्र तिसरा रकाना कधी रिकामा राहिला नाही. बाजारच्या दिवशी कन्नड कानावर पडणारी आम्ही पोरं त्या रकान्यात सरांच्याही पुढे असायचो, आणि सर ते मुद्दाम चालवून घ्यायचे, असं आता वाटतं.

'के'चा शुक्रवार पावसाळ्यात आला. आपल्याकडचा पाऊस, कौलांतून गळणारा वर्ग, मधल्या बाकाखाली बादली. किंग, की, काइंड, केटल असे शब्द भराभर झाले. मग आली दुसरी टोळी, लिहिताना पुढं 'के', बोलताना नाही: नी, नाइफ, नॉक, नॉट, नीड, नकल. सरांनी फळ्यावर मुठीनं टकटक केलं आणि म्हणाले, "हे नॉक. आणि ज्यानं केलं ते हे नकल, बोटाचं वर आलेलं हाड." नीड म्हणजे कणीक मळणे, हे त्यांनी टेबलावर दोन्ही हात दाबून असं दाखवलं की मागच्या बाकावर खुसखुस सुरू झाली.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरच्या एकानं (आज तो मोठा कंत्राटदार आहे, वाचून ओळखेल) विचारलं, "सर, बोलायचंच नाही तर तो 'के' लिहायचा कशाला?"

आम्हाला वाटलं, आता छडी. सर म्हणाले, "का गा, घरातलं म्हातारं माणूस बोलत नाही म्हणून रेशन कार्डातनं त्याचं नाव काढतोस काय?"

आणि डस्टर न घेता अंगठ्यानं एकेक 'के' पुसत गेले. नॉट, म्हणजे गाठ. 'के' गेला, राहिलं 'नाही'. नाइट, म्हणजे सरदार. 'के' गेला, झाली रात्र. न्यू, म्हणजे माहीत होतं. 'के' गेला, झालं नवं. निट, म्हणजे विणणे. 'के' पुसला आणि मुलींच्या बाकांकडे बघून म्हणाले, "ह्याचा अर्थ रविवारी आई केस विंचरताना सापडेल." एक क्षण कुणाला कळेना, मग एक मुलगी ओरडली, "लीख!" शेजारच्या वर्गातले गुरुजी बघायला आले, एवढा आवाज झाला.

हसू ओसरल्यावर सरांनी सांगितलं की हा 'के' जन्माचा मुका नाही. जुन्या इंग्रजीत तो खणखणीत बोलला जायचा. कॅक्स्टननं 1476 मध्ये इंग्लंडात छापखाना घातला तेव्हाही लोक तो उच्चारत होते. छापून छापून स्पेलिंग पक्कं होत गेलं, आणि सतराव्या शतकाच्या आसपास जिभेनं 'के' सोडून दिला. कागदावर राहिला, तोंडातून गेला. जर्मन लोक मात्र गुडघ्याला अजून 'क्नी' म्हणतात. आणि नाइट हा मुळात सरदार नव्हेच, पोरगा, गडी असा त्याचा अर्थ. त्याचा जर्मन भाऊ 'क्नेख्त' अजूनही गडीच राहिलाय. खेड्यातल्या शाळेत, बादलीत ठिबकणाऱ्या पाण्याच्या आवाजात, हे सांगणारा माणूस आपल्याला मिळाला होता. बेळगावातल्या मोठ्या शाळांतून शिकलेले मित्र मला पुढे भेटले, त्यांना असं कुणी सांगितलं नव्हतं.

पुढं मी बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, उद्यमबागेत, लेथवर लागलो. पहिल्याच आठवड्यात ड्रॉइंगवर 'के'नं सुरू होणारा एक लांबलचक शब्द आला. बरोबरचे अडखळले, मी 'नर्लिंग' म्हणून मोकळा. हात घसरू नये म्हणून नॉबवर जे खरखरीत चौकडे पाडतात ते. आज स्वतःचं वर्कशॉप आहे, संगणकावर चालणारी सीएनसी मशीन आहेत, माल पुण्याला, कोइमतूरला जातो. जर्मन मशीन बसवायला तिकडचा इंजिनिअर आला होता, त्याला मी गुडघ्यावर हात ठेवून 'क्नी' म्हटलं. तो इतका खूश झाला की दुपारी आमच्यात बसून भाकरी खाल्ली, कुंदा दोनदा मागून घेतला.

आता कौलं जाऊन स्लॅब पडलाय, बादली लागत नाही, चांगलंच झालं. पण मराठी वर्गात पोरं दरवर्षी कमी होतात. इंग्रजी यावं म्हणून ज्यांनी मुलं काढून नेली त्यांच्या मुलांना शब्द येतात, अर्थ मोबाइल सांगतो, आणि तिसऱ्या रकान्याचं तर कुणाला पडलेलंच नाही. माझा मुलगाही त्यातलाच. त्याला 'गाळिपट' विचारलं तर माझ्या तोंडाकडे बघतो.

गेल्या वर्षी सरांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. भेटायला गेलो तर कॉटवरूनच म्हणाले, "डॉक्टर नी बदलतो म्हणाला, मी म्हटलं बदल बाबा, फक्त 'के' तेवढा ठेव."

तेव्हा समितीला एक विनंती. सत्काराचा कार्यक्रम वरच्या हॉलमध्ये घेऊ नका, मैदानावर मांडव घाला. सरांना जिना चढवत नाही. गाडी घेऊन त्यांना आणायला मी स्वतः जाईन. मांडवाचा खर्च जास्त येत असेल तर तसं कळवा.