माझी चाल, तिचा गळा

मंगळवार, रात्री साडेअकरा

रविवारच्या तालमीत ठरलं. आजीवर लिहिलेलं माझं गाणं मी गाणार नाही, आमच्यातली सगळ्यांत धाकटी गाणार. तिचा वरचा सा माझ्यापेक्षा कितीतरी मोकळा लागतो, हे मलाही कळतं. तरी घरी येईपर्यंत घसा दाटून आला होता.

कालपासून क्वीन हा ब्रिटिश रॉक बँड ऐकतेय. कॉलेजपासून ऐकत आलेय, पण या वेळी प्रत्येक गाण्यात एकच शोधत होते: लिहिलं कुणी आणि गायलं कुणी.

क्वीन म्हटलं की त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरीच डोळ्यांसमोर येतो. पण लिहायचे चौघेही, आणि चौघांचीही गाणी गाजली. 'वुई विल रॉक यू' गिटारवाल्या ब्रायन मेचं, 'रेडिओ गा गा' ड्रमर रॉजर टेलरचं. १९८० मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' बेस वाजवणाऱ्या जॉन डीकनचं. या डीकनपाशी मी आज खूप वेळ थांबले. बँडच्या एकाही गाण्यात मुख्य आवाज त्याचा नाही. 'यू आर माय बेस्ट फ्रेंड' त्यानं बायकोसाठी लिहिलं. त्यातला इलेक्ट्रिक पियानो फ्रेडीला आवडेना, म्हणून तोही स्वतःच वाजवला. आणि गायला दिलं फ्रेडीला. बायकोला सांगायची गोष्ट मित्राच्या तोंडून! फ्रेडी ती अशी गातो की शब्द दुसऱ्याचे आहेत हे कळतच नाही.

ते गाणं १९७५ च्या 'अ नाइट ॲट द ऑपेरा'मधलं. त्याच अल्बममध्ये रॉजर स्वतःचं गाणं स्वतः गातो, ब्रायन '३९' गातो. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' फ्रेडीची रचना, पण मधला तो प्रचंड कोरस म्हणजे तिघांचेच आवाज पुन्हापुन्हा एकावर एक चढवलेले, आणि सगळ्यांत उंच, टोकदार सूर रॉजरचे.

भांडणंही झाली. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ची छोटी रेकॉर्ड निघाली, तिच्या मागच्या बाजूला रॉजरचं गाणं होतं. रेकॉर्ड खपली की दोन्ही बाजूंच्या रचनाकारांना सारखेच पैसे, मग लोकांनी ती कुठल्या बाजूसाठी का घेतली असेना. ते बरीच वर्षं खुपत राहिलं. शेवटी १९८९ च्या 'द मिरॅकल'पासून त्यांनी गाण्यांखाली एकेकट्याची नावं देणंच थांबवलं. रचना: क्वीन. मला हा निर्णय त्यांच्या कुठल्याही गाण्याइतकाच मोठा वाटतो.

आणि फ्रेडीसुद्धा मुळात पुढे उभा राहणारा नव्हता. पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकत असताना पोरांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला होता, त्यात तो पियानोवर असायचा. मुख्य गायक दुसराच. पाचगणीला इतक्यांदा गेले, पण टेबललँडवर उभी असताना हे कधी आठवलंच नाही.

आज सगळ्यांत जास्त ऐकलं ते 'मदर लव्ह'. फ्रेडी आणि ब्रायननं मिळून लिहिलेलं. १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या स्टुडिओत फ्रेडी खूप आजारी होता, तरी एकेक कडवं गात गेला. शेवटचं राहिलं. ते गायला तो परत येऊ शकला नाही, २४ नोव्हेंबरला गेला. १९९५ मध्ये गाणं बाहेर आलं तेव्हा ते कडवं ब्रायननं गायलं होतं. त्याचा आवाज फ्रेडीपेक्षा मऊ, थोडा दबका. तो आवाज सुरू झाला की मला दर वेळी रडू येतं. आजही आलं.

उद्या संध्याकाळी धाकटीला घरी बोलावलंय. दुसऱ्या अंतऱ्यात आजीची हाक आहे, 'ये गं'. आजी त्यातला 'गं' कसा लांबवायची ते वहीत लिहून देता येत नाही, तिच्यासमोर बसून म्हणूनच दाखवावं लागेल.