मांडूत तीन रात्री, छतावरचं पॅनल आणि बाबांचा शंकू

बाबांना झोपताना सीपॅप मशीन लागतं. झोपेत श्वास अडकतो, म्हणून रात्रभर मास्कमधून हवेचा दाब द्यावा लागतो. त्यामुळे वीज नसलेल्या ठिकाणी मुक्काम करायचा म्हटलं की आमच्या घरी पहिला प्रश्न एकच असतो: रात्र निघेल का? डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आई, बाबा, धाकटा भाऊ आणि मी आमची व्हॅन घेऊन इंदूरहून मांडूला गेलो आणि तीन रात्री शेतात राहिलो. रात्री निघाल्या, पण दुसरी अगदी काठावर निघाली. आई-वडिलांना घेऊन असं जाणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी सामान सांगते. 100 अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी, म्हणजे साधारण 1,280 वॅट-अवर. छतावर 200 वॅटचं पॅनल, एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरीत भरणारा), गाडी चालताना बॅटरी भरणारा 30 अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर, इन्व्हर्टर आणि 12 व्होल्टचा छोटा फ्रिज. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी उचलून न्यावी असं आमच्याही मनात आलं होतं. कृपा करून तसं करू नका. तिचं वजन पन्नास किलोच्या पुढे, ती निम्म्याखाली उतरवली की लवकर खराब होते, शेवटचे वीस टक्के भरायला तासन्‌तास घेते. मुख्य म्हणजे चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, आणि आपण त्याच बंद गाडीत झोपणार असतो.

डीसी-डीसी चार्जरसाठीची वायर इंदूरच्या महाराणी रोडवरून आणली. दुकानदार 6 चौरस मिलिमीटरची देत होता. जाऊन-येऊन आठ मीटर लांबी आणि 30 अँपिअर धरले तर तिच्यात जवळजवळ पाऊण व्होल्ट वाटेतच जातो. आम्ही 16 ची घेतली. ती महाग पडली, पण व्होल्टचं नुकसान पाव व्होल्टवर आलं. फ्यूज मात्र बॅटरीच्या अगदी जवळ हवा. वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर आग तिथूनच थांबते.

शुक्रवारी पोहे खाऊन निघालो. मांडू शंभरेक किलोमीटर, त्यामुळे पोचेपर्यंत बॅटरी पूर्ण भरलेली होती. स्मारकांच्या आवारात मुक्काम करता येत नाही. रूपमती मंडपाच्या वाटेवर ओळखीच्या एका शेतकऱ्याला विचारून त्याच्या बांधाशी गाडी लावली, गोरखचिंचेच्या झाडाखाली. त्या अवाढव्य बुंध्यापाशी जागा सुंदर होती, पण पॅनलसाठी चुकीची. झाडाला पानं असोत-नसोत, एक जाड फांदी पॅनलवर आडवी पडली की काही सेल झाकले जातात आणि त्यांच्यामागे पॅनलचा मोठा भाग बंद पडतो. कंट्रोलरवरचा आकडा निम्म्यावर आल्यावर आम्ही गाडी हलवली. तुम्ही पोचल्या पोचल्याच पाहा की तीन वाजता सावली कुठे येईल.

पहिल्या रात्री आम्ही घरच्यासारखंच वागलो. मशीन ह्युमिडिफायरसकट, म्हणजे मास्कमधली हवा ओलसर करणाऱ्या भागासकट, इन्व्हर्टरवर लावलं आणि फ्रिजही चालू ठेवला. संध्याकाळी 96 टक्के असलेली बॅटरी सकाळी सातला 31 वर होती. आकडा बघून भावाचा चेहरा उतरला. हिशेब मांडला तेव्हा कळलं की ह्युमिडिफायरमधलं पाणी तापवणारा तो छोटा हीटरच निम्म्याहून अधिक वीज खात होता. इन्व्हर्टर स्वतः, काही न लावतासुद्धा, ताशी दहा वॅट-अवर ओढत होता. बॅटरीतल्या 12 व्होल्टचे 230 करायचे आणि मशीनच्या अडॅप्टरने पुन्हा ते उतरवायचे, यात दोन्हीकडे गळती.

शनिवारी मावठा आला. सकाळपासून आभाळ भरलेलं, मग बारीक भुरभुर. जहाज महालाच्या दोन्ही बाजूंची तळी धुक्यात दिसेनाशी झाली. आई म्हणाली, इतकं देखणं मांडू तिने कधी पाहिलं नव्हतं. मी मात्र दर तासाला आकडा बघत होते. अख्ख्या दिवसात पॅनलने जेमतेम दोनशे वॅट-अवर दिले आणि त्यातले बरेचसे फ्रिजने खाल्ले. संध्याकाळी बॅटरी 36 टक्के. कालच्यासारखं वागलो असतो तर पहाटे दोनच्या सुमारास मशीन बंद पडलं असतं.

फ्रिज बंद केला. बाहेर इतकी थंडी होती की दूध झाकून गाडीच्या पायरीवर ठेवलं तरी सकाळपर्यंत चांगलं राहिलं. इन्व्हर्टर बटणावरूनच बंद. मशीन त्याच्या स्वतःच्या 12 व्होल्टच्या कन्व्हर्टरवर लावलं आणि ह्युमिडिफायर काढला. तो काढला तर चालेल का, हे आम्ही निघण्याआधीच डॉक्टरांना विचारलं होतं. तुम्हीही विचारूनच जा, हे ज्याच्या त्याच्या प्रकृतीवर आहे. कन्व्हर्टर मात्र मशीनच्याच कंपनीचा घ्या, कारण काही मशीनना 24 व्होल्ट लागतात. सकाळी बाबा सातला उठले. बॅटरीत 13 टक्के उरले होते.

रात्री भाऊ म्हणाला होता, "ताई, थोडा वेळ इंजिन चालू ठेवू या का?" मी नाही म्हटलं. आत माणसं झोपलेली असताना इंजिन किंवा जनरेटर चालवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

रविवारी लख्ख ऊन पडलं, आणि पॅनलपाशी बाबा आले. ते निवृत्त शिक्षक. आम्ही लहान असताना त्यांनी आम्हाला उज्जैनच्या वेधशाळेत नेऊन शंकू यंत्राची, म्हणजे सूर्याची उंची मोजायला उभ्या केलेल्या काठीची, सावली दाखवली होती. उज्जैनजवळून कर्करेखा जाते, म्हणून जूनमध्ये भर दुपारी तिथे सावली जवळजवळ नाहीशी होते आणि 22 डिसेंबरच्या आसपास सगळ्यात लांब पडते. बाबा म्हणाले, "अगं, आत्ता सूर्य दुपारी बाराला सुद्धा फक्त 44 अंशांवर आहे, आणि तुमचं पॅनल आडवं झोपलंय." त्यांनी पेनाचं टोपण पॅनलवर काटकोनात उभं चिकटवलं. पॅनल उतरवून दक्षिणेकडे तोंड करून विटांवर टेकवलं आणि टोपणाची सावली टोपणातच मिटेपर्यंत तिरकं केलं. आडवं असताना 115 वॅट येत होते, आता 160. नऊ, बारा आणि तीन वाजता त्यांनी स्वतः जाऊन पॅनल फिरवलं. दिवसभरात साडेआठशेच्या आसपास वॅट-अवर मिळाले. फ्रिज पुन्हा चालू करूनही संध्याकाळी 68 टक्के होते. हिवाळ्यासाठी पॅनल छतावर कायमचं ठोकू नका. खाली उतरवता येईल असं ठेवा आणि पाच-सहा मीटरची जाड वायर जवळ बाळगा.

टक्के मोजायला शंट (बॅटरीत आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजणारी पट्टी) लावलेला मीटर घ्याच. लिथियम फॉस्फेटचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात 13.2 च्या आसपासच रेंगाळतो. नुसत्या व्होल्टमीटरवर चाळीस टक्के आहेत की सत्तर, हे कळत नाही.

सोमवारी सकाळी 32 टक्क्यांवर निघालो. घाट उतरून निमाडात महेश्वरला पोचायला तासाभराहून थोडा जास्त वेळ लागला, तेवढ्यात 62 झाले. गाडी चालवल्यावर आपोआप भरेल, असं लोक सहज म्हणतात. ते भरतं तासांच्या हिशेबाने, किलोमीटरच्या नाही. तुमचे दोन मुक्काम वीस मिनिटांवर असतील तर त्या भरवशावर राहू नका. नवीन बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाड्यांत अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर चालणारा वीज बनवणारा भाग, स्वतःहून व्होल्टेज कमी करतो, म्हणून डीसी-डीसी चार्जरशिवाय बॅटरी नीट भरतच नाही.

पुढची फेरी मे महिन्यात आहे. तेव्हा सूर्य डोक्यावर असेल, पॅनल आडवं ठेवलं तरी चालेल. पण तापलेल्या पॅनलची ताकद 25 अंश सेल्सिअसच्या वरच्या दर अंशाला एक टक्क्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाने घटते, आणि फ्रिज दिवसभर धापा टाकतो. आणखी 100 वॅटचं पॅनल घ्यायचं ठरलं आहे. टोपण बाबांनी काढू दिलेलं नाही.