तान्ह्या पोळ्याचा नंदी मोबाइलवर आणताना

तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी गेम करायचा म्हटलं की आधी चित्रं डोळ्यांपुढे येतात. माझा अंदाजही तसाच होता: चित्रांना दोन महिने, बाकीला पंधरा दिवस. झालं उलटं. सगळा वेळ खाल्ला तो बोटाने आणि आवाजाने.

विषय नागपुरात शोधावा लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा: पोरं चाकांचा लाकडी नंदी सजवतात, दोरीने ओढत घरोघर नेतात, बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळवतात. निवडणं, चढवणं, ओढणं अशी गेमची तिन्ही कामं त्यात आयतीच आहेत. मारबत, म्हणजे भल्यामोठ्या पुतळ्याची मिरवणूक, त्याच दिवशी निघते, पण ती घेतली नाही. रस्त्यावर बापाच्या खांद्यावरून बघणं वेगळं आणि त्या पुतळ्याचा चेहरा हातभर अंतरावर स्क्रीनभर येणं वेगळं.

आधी मापं. अँड्रॉइडची शिफारस बटण किमान ४८ डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप), म्हणजे जेमतेम पाऊण सेंटिमीटर. लहान मुलांना दोन सेंटिमीटर लागतात, म्हणजे साधारण १२६ डीपी. साडेसहा इंची फोन आडवा धरला की मधली मोकळी जागा सोडून एका ओळीत अशा चारच वस्तू नीट बसतात. माझ्या आराखड्यात नऊ होत्या. झूल, बाशिंग, घुंगरमाळ आणि शिंगांची बेगड एवढंच ठेवलं. नऊ दिसल्या की मूल निवडत बसत नाही, सगळ्यांवरून हात फिरवतं.

मोठ्यांसाठीचं बटण बोट उचलल्यावर चालतं. मूल बोट टेकवतं आणि काय होतंय ते बघत तसंच धरून ठेवतं. काहीच होत नाही, मग जोरात दाबतं. म्हणून प्रतिसाद स्पर्श होताच द्यायचा, एक दशांश सेकंदाच्या आत. दोनदा टिचकी आणि दाबून धरणं या वयाला ठेवूच नये.

सर्वांत जास्त छळलं ते तळहाताने. चाचणीत पोरं म्हणायची, "हा तर चालूनच नाही राहिला." कोड तपासला, बरोबर होता. मग वरून हाताचं चित्रीकरण केलं तेव्हा कळलं: मूल डाव्या हाताने फोन धरतं आणि अंगठ्याचा फुगीर भाग स्क्रीनच्या कडेवर टेकलेला असतो. माझा कोड फक्त पहिला स्पर्श मोजत होता. पहिला स्पर्श अंगठ्याचा, उजव्या हाताचं बोट दुसरं, म्हणून ते बाद. उपाय असा: प्रत्येक स्पर्श स्वतंत्र धरायचा, एक सेकंदाहून जास्त न हलता पडून राहिलेला सोडून द्यायचा आणि कडेच्या एक सेंटिमीटरच्या पट्टीत काहीही दाबण्यासारखं ठेवायचं नाही.

ओढण्याचंही तसंच. आधी नंदी बोटाला चिकटवला होता. बोट सुटलं की तो मागे जाऊन उभा राहायचा. मुलं मात्र सलग ओढत नाहीत, पाटी पुसल्यासारखे छोटे छोटे फटके मारतात. म्हणून बोट कुठे आहे हे बघणं सोडलं आणि किती सरकलं तेवढंच घेतलं. प्रत्येक फटक्याने चाकांना वेग, घर्षणाने तो हळूहळू कमी. कुठल्याही दिशेला ओढलं तरी नंदी पुढेच. झूल चढवताना बोट मध्येच उचललं तर झूल तिथेच राहते, आणि पाठीपासून तीन सेंटिमीटरच्या आत आली की आपोआप बसते.

मूल वाचत नाही, म्हणून सूचना आवाजातच. इथे मराठीची एक अडचण येते. "तू काय करतोस" म्हटलं की मुलगी वगळली जाते, "करतेस" म्हटलं की मुलगा. आज्ञार्थात हा प्रश्नच नाही: "झूल घाल", "दोरी ओढ". शाबासकी नंदीला द्यायची: "सजला नंदी!" वाक्य चार शब्दांच्या आत, आठ सेकंद काही झालं नाही तर पुन्हा, आणि मुलाने स्क्रीनला हात लावताच वाक्य मध्येच तोडायचं. पूर्ण वाक्य ऐकून घ्यायला लावलं की मूल फोन आईकडे परत देतं.

ध्वनिमुद्रण मे महिन्यात काढू नका. कूलर बंद करून दारावर गोधडी टांगली तर खोलीत दहा मिनिटं बसवत नाही, आणि शेजारचा कूलर ऐकू येतो तो येतोच. पहाटे पाचला काम होतं. खेळतानाही तीच गत: कूलरसमोर फोनच्या स्पीकरमधून ढोलाचा जाड आवाज निघतच नाही, घुंगरांचा बारीक आवाज पोचतो. शिवाय प्रत्येक सूचनेबरोबर ती वस्तू हलवून दाखवायची.

बक्षिसात मी सपशेल चुकलो होतो. बोजारा म्हणून नाणी पाडली, तर मुलं नंदी सोडून नाणीच टिपत बसली. नाणी काढून दाराशी खाऊ ठेवला. तो नंदीच खातो, मोजदाद नाही. पाच घरं झाली की नंदी झोपतो आणि पडदा अंधारतो. हे सगळं साधारण चार मिनिटांत.

अक्षरं फक्त पालकांच्या पानावर आहेत, तरी तिथे अडकलो. युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या मजकूर-पद्धतीत वेलांटी जागा सोडते आणि जोडाक्षरं फुटतात. गोडो ४ या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी नीट जुळते. फक्त भाषा 'मराठी' लावा आणि मराठी वळणं असलेला फॉन्ट घ्या, नाहीतर ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. पानाच्या दारावर "तीन सेकंद दाबून धरा" ठेवू नका, मुलं तसंही दाबूनच धरतात. मुलांना बाहेर ठेवायला शब्दांत लिहिलेला गुणाकार पुरतो.

जुन्या फोनवर गेम बंद पडायचा. २०४८ बाय २०४८ चं एक चित्र न आवळता मेमरीत १६ एमबी घेतं, ईटीसी२ या चित्रं आवळायच्या पद्धतीत चार.

प्ले स्टोअरवर नोंदणीचे २५ डॉलर एकदाच. वयोगट '५ आणि त्याखालील' निवडला की मुलांच्या अ‍ॅपचे वेगळे नियम लागू होतात. जाहिरात-ओळख क्रमांक (अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी) वाचण्याची परवानगी गेममधून काढावी लागते, आणि माहिती गोळा करत नसलात तरी गोपनीयता धोरणाचा दुवा लागतोच. भारताच्या २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यात तर १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूलच आहे. म्हणून जाहिरात, खाते, वापराचं मोजमाप असं काहीच ठेवलं नाही. अर्ध्या अटी आपोआप सुटल्या. नव्या वैयक्तिक खात्याला १२ जणांची सलग १४ दिवस बंद चाचणी (क्लोज्ड टेस्टिंग, फक्त निवडक लोकांसाठी) करावी लागते, मगच प्रकाशनासाठी अर्ज करता येतो, आणि त्याच्या तपासणीचे दिवस वेगळे. पोळा श्रावणी अमावास्येला, त्यामुळे आषाढ संपेपर्यंत ते बारा जण कामाला लागलेले हवेत.