शंभर सरदार आणि आप्पांचं कपाट

तिकिटाचे पौंड रुपयांत करायचे नाहीत, असं स्वतःला बजावूनच मी कार्डाचा नंबर टाकला. इयन मॅकेलन 'किंग लिअर' करत होता, वय ७९. आता नाही पाहिलं तर राहिलंच, एवढा हिशेब पुरेसा होता. जग त्याला 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' सिनेमातला गँडाल्फ म्हणून ओळखतं. मला तो आवडतो त्याच्या बोलण्यामुळे. शेक्सपिअरची निम्मी वाक्यं डोक्यावरून गेली तरी त्याचं कळतं, कारण तो कविता म्हणून दाखवत नाही, समोरच्याशी बोलतो.

२०१८ चा सप्टेंबर, लंडनमधलं ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटर. प्रेक्षकांमधून एक वाट काढून थेट रंगमंचाला जोडली होती आणि माझी खुर्ची नेमकी त्या वाटेला लागून.

मी सांगलीची. नाटकाच्या बाबतीत आम्हाला थोडा जन्मजात माज असतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' इथंच केलं, आणि ऑथेल्लोचा 'झुंझारराव' करणारे देवल म्हणजे आमच्या हरिपूरचे. पण लिअर मला माहीत होता तो 'नटसम्राट'मुळे. शिरवाडकरांचं ते नाटक आप्पांनी डॉ. लागूंचं पाहिलेलं, आणि मी ते आप्पांच्या तोंडून पाहिलेलं. त्यामुळे जाताना रुमाल घेऊनच गेले. म्हातारा बिचारा आणि पोरं कृतघ्न, हे आधीच ठरलेलं.

आणि पहिल्या तासाभरात मी चक्क थोरल्या लेकीच्या बाजूला गेले!

बघा ना. हा राजा हातात कात्री घेऊन राज्याचा नकाशा कापतो. वाटणी कशावर, तर कोण किती गोड बोलतं त्यावर. धाकटीला ते जमत नाही, तर तिला हाकलून देतो. मग उरलेल्या दोघींकडे महिना-महिना पाळीनं राहायचं ठरतं. पाळीनं राहणं आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. पण सोबत शंभर सरदार! त्यांचं जेवणखाण, घोडे, रात्रीचा दंगा, हे सगळं लेकीच्या घरात. वर ती काही बोलली तर तिला मूल न होण्याचा शाप. मॅकेलन यातलं काहीच सावरून घेत नाही. बेलवलकरांचाही अहंकार दिसतो, पण त्यांच्या बाजूला आपण पडदा उघडण्याआधीच जाऊन बसलेलो असतो.

मग ती मोजणी आली. एक म्हणते, पन्नास माणसं पुरेत. दुसरी म्हणते, पंचवीस. मग दहा तरी कशाला, पाच कशाला, एक तरी कशाला हवा? दोघी अगदी शांतपणे बोलत होत्या, दिवाळीआधी माळ्यावरची अडगळ काढताना बोलतात तसं.

तिथं माझी मान खाली गेली.

आई गेल्यावर आप्पा पुण्याला दादाकडे राहायला निघाले होते. नाटकांच्या पुस्तकांचं लोखंडी कपाट सोबत न्यायचं म्हणाले. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये कपाट कुठं ठेवणार? वहिनी म्हणाली, दोन खोकी न्या. दादा म्हणाला, एकच. आणि लंडनहून व्हिडिओ कॉलवर शहाणपणा शिकवला तो मी. "आप्पा, हल्ली सगळं मोबाईलवर मिळतं. पुस्तकांची गरजच काय तुम्हाला?" आप्पा एक कापडी पिशवी घेऊन गेले. चार महिन्यांत सांगलीला परत. पुण्याची हवा मानवत नाही म्हणाले.

मध्यंतरात सगळे छोट्या डब्यातलं आइस्क्रीम खात होते (चमचा झाकणातच असतो). मला सांगलीच्या भावे नाट्यमंदिरातला चहा आठवत होता.

उत्तरार्धात मॅकेलन माझ्या शेजारून गेला. हात पुढे केला असता तर बाही लागली असती, इतक्या जवळून. मानेवर घाम, आणि धाप ऐकू येत होती. ती लिअरची की त्या ७९ वर्षांच्या माणसाची, मला कळेना. शेवटी मेलेल्या लेकीपाशी तो एकच शब्द पाच वेळा म्हणतो, 'नेव्हर'. रुमाल पर्समध्येच राहिला, मी ओढणीलाच डोळे पुसले.

दिवाळीला घरी आले. ५ नोव्हेंबर, रंगभूमी दिन, त्यातच धनत्रयोदशी. भावे गौरव पदकाच्या कार्यक्रमाला जायचं म्हणून आप्पा केव्हाचे इस्त्रीचा सदरा घालून कपाटाला टेकून बसले होते. अडकित्त्यानं सुपारी कातरत म्हणाले, "सांग की गं तुझा लिअर."

सांगितला. शंभर सरदारांवर ते खो खो हसले. "एवढी फौज घेऊन बाप आला, तर कुठली लेक चहा टाकेल? थोरलीचं काही चुकलं नाही बघ."

"आप्पा, त्या वेळी मी तुम्हाला कपाटाचं..."

"ते शेवटचं कसं म्हणाला? पाच वेळा? म्हणून दाखव."

मी दाखवलं. त्यांना पसंत पडलं नाही. "मराठीत 'कधीच नाही' लांबतं. नुसतं 'नाही' पुरे." अडकित्ता खाली ठेवला, डोळे मिटले आणि म्हणू लागले. नाही. नाही. नाही. चौथ्याला आवाज अगदी खाली गेला, पाचव्याला नुसते ओठ हलले.

मग डोळे उघडून घड्याळाकडे बघितलं. "चल, रिक्षा बघ. पुढच्या रांगा भरतात."