तुम्ही विचारलंत म्हणून: आमचा कॉलिन्स लग्न का मागत नाही

जेन ऑस्टेनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या कादंबरीवरून मी पटकथा लिहिलेला, विदर्भातल्या कास्तकाराच्या घरात घडणारा आमचा सिनेमा संपतो, दिवे लागतात, आणि तिसऱ्या-चौथ्या माणसाच्या तोंडून तो प्रश्न येतोच. नागपुरात आला, पुण्यात आला, अमरावतीला तर माझ्याच जुन्या विद्यार्थिनीनं विचारला. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधला सगळ्यात गमतीचा प्रसंग म्हणजे कॉलिन्स नायिकेला, एलिझाबेथला, मागणी घालतो तो. तो तुम्ही काढलात आणि त्या जागी रजिस्ट्री ऑफिसातला एवढा लांब सीन घातलात. का? एका वकीलसाहेबांनी त्याला जोड दिली: घरात पाच मुली असताना जमीन चुलतभावाकडे जातेच कशी, पटकथा लिहिणाऱ्या बाईंनी कायदा वाचलेला नाही का?

आजवर मी उभ्या उभ्या दोन मिनिटांत उत्तर देत आले. ते उत्तर खोटं नाही, पण अर्धं आहे. आज पूर्ण देते.

आधी नेहमीचा अर्धा भाग. कॉलिन्स हा एलिझाबेथच्या बापाचा, बेनेटचा, भाऊबंद. लाँगबर्नची इस्टेट पुरुष वारसाकडेच जाणार अशी बांधून ठेवलेली, बेनेटला पाचही मुली, म्हणून बेनेट गेला की घर कॉलिन्सचं. त्याची भरपाई म्हणून तो पाचांतल्या एकीशी लग्न करायला येतो. तिकडे हे चालतं. दारव्हा-दिग्रस पट्ट्यातल्या कास्तकाराच्या घरी चुलतभाऊ लग्न मागायला येईल का? आत्याच्या पोराला मुलगी देतात, मामाच्या घरात सोयरीक होते. चुलतभाऊ हा भाऊ. त्याला राखी बांधतात. मुलगी पाहायला पाहुणे येतात तेव्हा तो सतरंजी अंथरतो, पाण्याचे गिलास फिरवतो, साक्षगंधात मांडवाचं पाहतो. त्याच्या तोंडी मागणी घातली असती तर गावातले प्रेक्षक हसले नसते, उठून गेले असते.

मग त्याला नातेवाईक न ठेवता परका करा, असंही मला सुचवलं गेलं. याच कादंबरीवरच्या, अमृतसरमध्ये घडवलेल्या 2004 च्या ‘ब्राइड अँड प्रेज्युडिस’ या सिनेमात तो अमेरिकेतून नवरी शोधायला येतो, तिथं ते शोभतं. पण तसं केलं की वारसाहक्काची गाठ सुटते, आणि मला तीच गाठ हवी होती. ती नसेल तर ही गोष्ट कुणाचं कुणाशी जमलं एवढीच उरते. बेनेटनं आयुष्यभर शिल्लक टाकली नाही, कारण मुलगा होईल आणि तो वयात आला की त्याच्या संमतीनं ती बांधणी मोडता येईल, असा त्याचा भरवसा होता. मुलगा झालाच नाही. हे पान मी अमरावतीला एमए करताना वाचलं तेव्हा कादंबरीतलं हर्टफर्डशायर मला परकं वाटेनासं झालं. मुलाच्या भरवशावर काढलेली आयुष्यं मी आमच्या आळीत पाहिलेली होती.

आता कायदा. वकीलसाहेब, तो मला पाठ आहे. 1956 चा हिंदू वारसा कायदा, 1994 ची महाराष्ट्राची दुरुस्ती, 2005 ची केंद्राची, आणि बाप 2005 आधी वारला असला तरी मुलीचा हक्क जन्मानंच येतो हा 2020 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. सगळं आहे, म्हणूनच तो सीन आहे. बेनेटच्या मुलींकडे कुणी सही मागत नाही, कारण त्यांच्याजवळ सोडण्यासारखा हक्कच नव्हता. आपल्या मुलींना कायद्यानं वाटा दिला, म्हणून तो त्यांच्याकडून सोडवून घ्यावा लागतो. हक्कसोडपत्र. आमच्या सिनेमात वावर दोन भावांचं सामाईक, वाटणी कधी झालीच नाही, बाप अंथरुणावर, ते कसणारा चुलतभाऊ. तो कॉलिन्ससारखीच आपली कारणं ओळीनं मांडतो: तुमच्या लग्नाचा खर्च मी करीन, म्हातारपणी काका-काकूला मीच पाहीन. फक्त शेवटी तो हात मागत नाही, अंगठा मागतो.

आणि इथं आमच्या नायिकेची गोष्ट एलिझाबेथपेक्षा अवघड होते. एलिझाबेथ नाही म्हणते, कॉलिन्सला तो नखरा वाटतो, ती पुन्हा नाही म्हणते. आई आकाशपाताळ एक करते, पण बाप पाठीशी उभा राहतो. लग्न मागायला आलेल्या माणसाला नाही म्हटलं तर एक स्थळ जातं. भावाला नाही म्हटलं तर माहेर जातं. दिवाळी, भाऊबीज, आजारपणात हाक मारायची जागा, सगळं जातं.

इथवर मी प्रत्येक ठिकाणी सांगते आणि खाली बसते. टाळ्याही मिळतात.

पुढचं 2011 चं आहे. बाबा त्या पावसाळ्यात गेले होते. अकरा एकर कोरडवाहू, आम्ही तिघी बहिणी, एक भाऊ आणि माय. डिसेंबरात भावाचा फोन आला. “बाई, सातबाऱ्यावर तुमचे सगळ्याइचे नावं चढले. सोसायटीवाला म्हन्ते का सगळ्याइच्या सह्या आना, नाई तं हक्कसोड करून घ्या. माहं नवंजुनं अटकलं.” खोटं बोलत नव्हता तो. पीककर्जाचं नवंजुनं, म्हणजे जुनं फेडून नवं उचलणं, दरवर्षी करावं लागतं, आणि दरवर्षी तीन गावांतून तीन बहिणी गोळा करणं कुणालाही जमणारं नाही. मी तेव्हा कॉलेजात शिकवत होते, पगार येत होता. त्याचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हटलं. मधलीनंही म्हटलं.

धाकटी नाही म्हणाली नाही. तिनं मला रात्री फोन करून एवढंच विचारलं, “माह्या वाट्याले किती येते वं बाई?”

मी हिशेब केलेला होता. दोन एकर आठ गुंठे. तिच्या घरी चार एकर, तेही मुरमाड, आणि नवऱ्याची तब्येत तेव्हाच बिघडलेली. मला हे सगळं माहीत होतं. मी म्हटलं, “बाबाचं वर्षश्राद्ध नाही झालं अन् तू गुंठे मोजून राहिली?”

ती गप्प बसली. आठवड्यानं तालुक्याला आली.

ऑफिसच्या बाहेर दस्त लिहिणाऱ्याचं टेबल होतं. त्यानं वाचून दाखवलं: कोणताही मोबदला न घेता, राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाविना. आत नंबर लागला. कॅमेऱ्यासमोर एकेकीचा फोटो, मग काचेवर अंगठा. मायचा उठला, माझा उठला, मधलीचा उठला. धाकटीचा उठेना, लाल दिवाच लागे.

वेचणीचे दिवस होते. ती आदल्या दिवसापर्यंत कापूस वेचत होती, आधी घरचा आणि मग दुसऱ्याच्या वावरात किलोमागे मजुरीनं. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. नखाच्या कडेनं कातडी फाटते, भरते, पुन्हा त्याच जागी फाटते, आणि बोटाचं टोक गुळगुळीत, कडक होऊन जातं. ऑपरेटर म्हणाला, पुसा. तिनं पदराला पुसलं. पुन्हा लाल. डोक्याच्या केसांवरून फिरवा, तेल लागेल. पुन्हा लाल. मागची रांग कुरकुरायला लागली. चौथ्यांदा तो कंटाळून म्हणाला, “आज नाही होत यांचं. उद्या या.”

भावानं माझ्याकडं पाहिलं. उद्या म्हणजे पुन्हा गाडीभाडं, पुन्हा सगळ्यांचा दिवस. धाकटीनं हात मागं घेतला आणि पदराखाली नेला. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहिलं. ती सुटली होती. एक दिवस का होईना, सुटली होती. ती खुर्चीवरून उठायलाही लागली.

मी तिचा हात पदरातून बाहेर काढला. रुमालानं अंगठा पुसला, त्यावर तोंडाची वाफ सोडली, काचेवर ठेवला आणि माझ्या दोन्ही हातांनी वरून दाबून धरला. हिरवा दिवा लागला.

बाहेर आल्यावर भावानं तिघींना लुगडी दिली. चौकातल्या हॉटेलात आम्ही आलुबोंडे खाल्ले. धाकटीनंही खाल्ले. भाऊ रडला, मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि मला त्या क्षणी अगदी भरून आलं होतं. ते खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

पुढच्या दिवाळीला एका अंकात मी लेख लिहिला. जमीन सोडली आणि भाऊ धरून ठेवला, असं त्यात एक वाक्य होतं. लोकांना फार आवडलं. वाटा मागणाऱ्या बहिणींबद्दल मी त्यात जे लिहिलं ते आज वाचवत नाही. तो लेख लिहिणारी बाई चुकली होती, असं लिहून मोकळं होता आलं असतं. पण माझं मोठं ऑपरेशन झालं तेव्हा हाच भाऊ नऊ दिवस दवाखान्याच्या पायरीवर झोपला, सोयाबीन वावरात उभं ठेवून. तो सहीच्या बदल्यात आला, असं कुणी म्हटलं तर मी त्याच्याशी भांडेन. आणि सही दिली नसती तरी आला असता का, हे मला आजही सांगता येत नाही.

2014 मध्ये धाकटीचा नवरा गेला. ती माहेरी आली आणि भावाला म्हणाली, दोन एकर मला करायला दे. भाऊ म्हणाला, कर, मक्त्यानं कर, दुसऱ्याला देतो त्यापेक्षा कमी घेईन. त्यानं शब्द पाळला, कमीच घेतो. बापाच्या वावरातले दोन एकर ती मक्त्यानं करते आणि दरवर्षी वेळेवर पैसे देते. मी एकदा म्हटलं, मी बोलू का त्याच्याशी? ती म्हणाली, नको, चांगला आहे तो. चांगला आहेच तो.

कादंबरीत शार्लट लुकस आहे. सत्तावीस वर्षांची, फारसा हुंडा नाही, रूप नाही. एलिझाबेथनं नाकारलेल्या कॉलिन्सला ती तीन दिवसांत हो म्हणते, कारण तिला घर हवंय. एलिझाबेथला धक्का बसतो, मैत्रीण मनातून उतरते. विशीत मी एलिझाबेथच्या बाजूनं होते, हे सांगायलाच नको. ज्याला पोटाची काळजी नाही त्याला हिशेब करणारं माणूस हलकं वाटतं. ‘गुंठे मोजून राहिली’ हे माझं वाक्य त्याच जागेवरून आलेलं होतं. पहिल्या खर्ड्यात बेनेटबाईचंही मी हसं केलं होतं, इस्टेटीचं नाव निघालं की किंचाळणारी बाई म्हणून. अख्ख्या घरात मुलींच्या डोक्यावरच्या छपराची काळजी तीच मोठ्यानं बोलते. तिसऱ्या खर्ड्यात मी तिच्या वाट्याचं सगळं हसं काढून टाकलं.

त्याच तिसऱ्या खर्ड्यात कॉलिन्सची मागणी गेली आणि अंगठा आला. बोंडानं फाटलेली बोटं, पदर, केसांवरून हात, लाल दिवा, सगळं जसंच्या तसं लिहिलं. संकलक म्हणाला, अर्ध्यावर आणू. मी आणू दिलं नाही. जवळजवळ चार मिनिटं आहे तो सीन, आणि नायकाची, डार्सीची, पहिली मागणी त्याहून छोटी आहे. त्यावरूनही तुम्ही रागावता. रागवा.

पण एक गोष्ट मी बदलली. पडद्यावर त्या पोरीचा अंगठा धरून काचेवर दाबतो तो चुलतभाऊ. प्रेक्षक त्याला शिव्या घालतात, बायका डोळ्याला पदर लावतात, आणि नंतर मला विचारतात, इतकं बारीक कसं सुचलं? मी म्हणते, निरीक्षण. सहा वर्षं हे चाललंय. तो हात थोरल्या बहिणीचा, म्हणजे नायिकेचा, ठेवला असता तर सिनेमा जास्त खरा झाला असता, हे मला लिहितानाच कळत होतं. मग नायिका प्रेक्षकांच्या मनातून उतरेल, पुढे तिच्या लग्नाचा आनंद कुणाला होणार नाही, असं कारण मी दिग्दर्शकाला दिलं. तेही कारण खरंच होतं. पण ते पहिलं कारण नव्हतं.

गावात शाळेच्या पटांगणात पडदा लावून सिनेमा दाखवला तेव्हा धाकटी पहिल्या रांगेत होती. रात्री काही बोलली नाही. सकाळी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. ती म्हणाली, “त्या पोट्ट्याले काऊन दाबाले लावला वं अंगठा?”

मी म्हटलं, “सिनेमात तसंच बरं दिसते.”

तिनं चार-दोन शेंगा सोलल्या. दाणे सुपात टाकले. मग म्हणाली, “ते मशीन बरं होतं वं बाई. रेशनच्या दुकानातलं तं अजूनबी घेत नाई माहा अंगठा.”