समर ऑफ कोडची तयारी दिवाळीनंतर लगेच

गूगलच्या समर ऑफ कोडचे, म्हणजे उन्हाळ्यात ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर काम करण्याच्या उपक्रमाचे, अर्ज मार्चच्या उत्तरार्धात सुरू होतात आणि मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतात. त्या पंधरवड्यात मला मेसेज यायला लागतात, "ताई, प्रपोजल एकदा नजरेखालून घालाल का?" मुलं जयसिंगपूरची असतात, कराडची असतात, कधी थेट लातूरची. प्रपोजल, म्हणजे काय काम कसं करणार याचा आराखडा, छान मांडलेलं असतं, प्रत्येक आठवड्याचं काम आखलेलं असतं. मी विचारते, ज्या सॉफ्टवेअर प्रकल्पासाठी हे लिहिलंस त्यात आजवर काय केलंस? बहुतेकदा उत्तर येतं, "अजून काही नाही ताई, सिलेक्शन झालं की सुरू करणार." त्या वेळी जीव तुटतो. पोरगं हुशार आहे हे दिसत असतं, पण आता त्याच्या हातात आठ-दहा दिवसच राहिलेले असतात. म्हणून हे आत्ताच लिहितेय, फराळाचे डबे अजून रिकामे व्हायचेत तोवर.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 2005 साली गूगलने हा उपक्रम सुरू केला. पहिल्या वर्षी 200 जागा ठरवल्या होत्या, प्रपोजलं आली आठ हजारांच्या वर. मग जागा चारशेच्या पुढे न्याव्या लागल्या. तुम्ही गूगलच्या ऑफिसात जात नाही आणि गूगलचं कामही करत नाही. पायथन, केडीई, डेबियन, विकिमीडिया अशा ओपन सोर्स (ज्यांचं कोड कुणालाही पाहता-बदलता येतं अशा) संस्थांपैकी एक निवडायची, तिथल्या मेन्टॉरच्या, म्हणजे मार्गदर्शकाच्या, हाताखाली घरी बसून काम करायचं, आणि स्टायपेंड गूगल देतं. 2022 पासून विद्यार्थी असण्याची अटही राहिलेली नाही. अठरा वर्षं पूर्ण झालेला आणि या क्षेत्रात नवखा असलेला कुणीही अर्ज करू शकतो.

आता निवड कशी होते ते नीट समजून घ्या. गूगलमध्ये बसलेलं कुणी तुमचं प्रपोजल वाचून मार्क देत नाही. वाचतात त्या त्या संस्थेचे मेन्टॉर. ते क्रम लावतात, आपल्याला किती जागा हव्यात ते गूगलला कळवतात, आणि मिळालेल्या जागा त्या क्रमाने भरतात. म्हणजे तुमचा निकाल तीन-चार माणसांच्या हातात असतो. ही माणसं दिवसभर आपापली नोकरी करून रात्री बिनपगारी हे काम करतात. गेली काही वर्षं मीही त्यांतली एक आहे.

मी ज्या संस्थेची मेन्टॉर आहे तिचं सॉफ्टवेअर नकाशे छापण्याचं. मी त्यात शिरले ती शिरोळमुळे. तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी पूररेषेचा नकाशा काढत होतो. स्क्रीनवर नावं ठीक दिसायची, पण पीडीएफ केली की शिरोळची वेलांटी 'श'च्या उजवीकडे जाऊन पडायची. इचलकरंजी वाचता यायचं, शिरोळ वाचता येत नव्हतं. कृष्णा-पंचगंगेच्या पुराचा नकाशा आणि त्यात शिरोळचंच नाव मोडलेलं, हे मला सहन होईना. इंग्रजीत त्या सॉफ्टवेअरवाल्यांकडे बग, म्हणजे चुकीची तक्रार, लिहून टाकला. दोन दिवसांनी पोर्तुगालच्या एका गृहस्थांचं उत्तर आलं की आम्हाला ही लिपी वाचता येत नाही, बरोबर कसं दिसायला हवं त्याचं चित्र पाठवाल का? मी चित्रं पाठवली. जोडाक्षरांची, रफाराची, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीची. मग त्यांनी कोडमधली जागा दाखवली आणि म्हणाले, करून बघा. माझा पॅच (दुरुस्तीचं कोड) मुख्य कोडमध्ये मर्ज व्हायला बरेच आठवडे गेले. त्या आठवड्यांत मी कोडचा तो कोपरा इतका वाचला की मार्चमध्ये प्रपोजल लिहायला बसले तेव्हा कल्पनेने लिहावं लागेल असं काही उरलंच नव्हतं. पुढे त्याच कामासाठी निवड झाली.

माझं कॉलेज कुठलं, हे मला कुणी विचारलं नाही. आमच्याकडे चांगल्या कंपन्या कॅम्पसला यायच्याच नाहीत. ज्या यायच्या त्या आधी सीजीपीए (सरासरी गुण) आणि बॅकलॉगची, म्हणजे राहिलेल्या विषयांची किंवा केटीची, यादी मागायच्या आणि निम्मा वर्ग दारातच गळायचा. हा एक दरवाजा असा होता की जिथे माझी केटी कुणी पाहिली नाही, शिरोळ पाहिलं. या उपक्रमावर माझा एवढा जीव आहे तो त्यामुळे.

पण गर्दी किती वाढली आहे तेही ऐका. 2024 साली साडेसहा हजार जणांनी मिळून सुमारे 10,000 प्रपोजलं पाठवली आणि 1,220 जण निवडले गेले. 2025 साली पंधरा हजारांवर लोकांनी साडेतेवीस हजार प्रपोजलं पाठवली. निवडले गेले 1,280. प्रपोजलं दुपटीच्या पुढे गेली आणि जागा वाढल्या साठ. एआयने प्रपोजल लिहिणं सोपं झालं हे त्यातलं एक कारण आहे, आणि वाचणाऱ्याला ते पहिल्या पानावर कळतं. सगळी एकसारखी गुळगुळीत इंग्रजी, आणि आमच्या कोडमध्ये नसलेल्याच फंक्शनची नावं. मागे एका प्रपोजलमध्ये मोडक्यातोडक्या इंग्रजीत एक वाक्य होतं. माझा लॅपटॉप चार जीबीचा आहे, सगळ्या टेस्ट चालवायला फार वेळ लागतो, म्हणून मी बदलाशी संबंधित तेवढ्याच टेस्ट चालवतो, आणि त्या अशा निवडतो. खाली कमांड. या मुलाने आमचं सॉफ्टवेअर खरंच बिल्ड केलं आहे, म्हणजे कोडपासून चालण्याजोगं तयार केलं आहे, हे त्या वाक्यातून कळलं. तो यादीत वर गेला. इंग्रजीच्या व्याकरणावरून आम्ही कुणाला मागे टाकत नाही. आमच्यातल्या निम्म्या मेन्टॉरांचीही ती मातृभाषा नाही.

तर दिवाळीनंतर काय करायचं? संस्थांची यादी फेब्रुवारीच्या उत्तरार्धात जाहीर होते, पण तिची वाट बघू नका. ज्या संस्था वर्षानुवर्षं असतात त्यांची जुनी यादी समर ऑफ कोडच्या साइटवर आहे. त्यातून एकच निवडा, आणि तिचं सॉफ्टवेअर तुम्ही स्वतः वापरत असाल तर उत्तम. ते सॉफ्टवेअर आपल्या मशीनवर बिल्ड करण्यात नोव्हेंबर जाईल. जाऊ द्या. बिल्डच्या सूचनांमध्ये काही जुनं झालेलं सापडेलच, ती दुरुस्ती हा तुमचा पहिला पॅच. मग एखादा छोटा बग. रिव्ह्यूमध्ये, म्हणजे पॅच तपासताना, कुणी दहा चुका दाखवल्या तर खचू नका. एवढं बारकाईने वाचलं म्हणजे तुमच्यासाठी कुणीतरी आपली संध्याकाळ दिली आहे. प्रपोजलं तीनपर्यंत पाठवता येतात, पण माझ्या मते एकच पाठवावं.

निवडलेल्यांत आयआयटी, बिट्स, ट्रिपलआयटीची मुलं इतकी दिसतात ती केवळ हुशारीमुळे, हे मला मान्य नाही. तिथे दुसऱ्या वर्षाच्या पोराच्या शेजारच्या खोलीत हे करून बसलेला सीनियर असतो. आयआयटी खरगपूरच्या मुलांनी तर नवख्यांच्या सरावासाठी स्वतःचा विंटर ऑफ कोड चालवला आहे. आपल्याकडे तो सीनियर नाही, एवढाच फरक. म्हणून आम्ही चार-पाच जण रविवारी सकाळी सांगलीत बसतो. लॅपटॉप घेऊन यायचं, अडलं तिथे विचारायचं. फी नाही, सर्टिफिकेट नाही. गेल्या खेपेला एक पोरगी मिरजेहून आईला घेऊन आली होती. आईने शेवटी विचारलं, "यात फसवणूक नाही ना?" मी त्यांना साइटवर जुनी कामं उघडून दाखवली. अगदी रास्त प्रश्न होता तो, कारण पैसे भरून इंटर्नशिप विकणारे आपल्या भागात खरोखर फिरत असतात. समर ऑफ कोडला एक रुपयाही भरावा लागत नाही, आणि कुणी मागितला तर समजून जा.

पैशांचं म्हणाल तर स्टायपेंड देशानुसार बदलतो. भारतासाठी 350 तासांच्या मोठ्या कामाला 3,000 डॉलर आणि 175 तासांच्या कामाला निम्मे. साधारण निम्मी रक्कम मधल्या मूल्यमापनानंतर, उरलेली शेवटी. काम मेअखेर ते ऑगस्टअखेर चालतं, म्हणजे सुरुवातीलाच आपली सेमिस्टरची परीक्षा आणि ओरल्स येतात. परीक्षेच्या तारखा प्रपोजलमध्ये स्पष्ट लिहा. मुदत वाढवून मिळते, मेन्टॉरला आधी सांगितलेलं मात्र हवं.

राहिली एक गोष्ट, आणि ती टीपीओ (कॉलेजचे प्लेसमेंट अधिकारी) व विभागप्रमुखांनीही वाचावी. समर ऑफ कोड ही नोकरी किंवा इंटर्नशिप नाही, असं गूगल स्वतःच सांगतं. त्यामुळे कंपनीच्या लेटरहेडवरचं ऑफर लेटर मिळत नाही, आणि कॉलेज इंटर्नशिपचे क्रेडिट (श्रेयांक) द्यायला तयार होत नाही. ओळखीतल्या एका मुलाने दिवसा समर ऑफ कोड केलं आणि क्रेडिटसाठी एका दुकानवजा कंपनीत हजेरी लावली. हे थांबायला हवं. काम किती तासांचं, मेन्टॉर कोण, कोड कुठे पाहायला मिळेल, हे सगळं जाहीर असतं. बहुतेक इंटर्नशिपांपेक्षा हे तपासायला सोपं आहे. आम्ही एका पानाचं विनंतीपत्र तयार केलं आहे. मागच्या वर्षी एका विभागप्रमुखांनी ते वाचलं, मुलाचे मर्ज झालेले पॅच समोर बसून पाहिले आणि क्रेडिट मंजूर केले. ते पत्र घेऊन नोव्हेंबरमध्येच सरांना भेटा, निवड व्हायची वाट पाहू नका. मे महिन्यात सगळे पेपर तपासण्यात अडकलेले असतात.